बिड की सिरॅमिक: दादाच्या जीटी३च्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२२

दादाच्या गाडीची ऑप्शनची यादी आज माझ्या टेबलावर आली. पोर्शे ९११ जीटी३, ९९२ पिढी, मॅन्युअल गिअरबॉक्स. एवढंच त्याने स्वतः ठरवलंय. पंचवीस वर्षं चालवलेल्या कंपनीतला हिस्सा विकून झाल्यावर त्याने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. "बाकीचं तू भर," म्हणाला. "ब्रेक तर आपल्या घरातलेच आहेत."

खरंच आहे ते. अण्णांनी १९७९ साली भोसरीत फाउंड्री टाकली तेव्हापासून आम्ही ब्रेकचे ड्रम आणि डिस्क ओततोय. आधी टेम्पो-ट्रॅक्टरचे, मग गाड्यांचे. मी स्वतः आठ वर्षं जुनी हॅचबॅक घेऊन चेन्नई आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर जातो. तरी अडीच कोटींच्या पुढच्या गाडीची यादी अंदाजाने भरायची नाही. फाउंड्रीत प्रत्येक हीटचा, म्हणजे एका खेपेला वितळवलेल्या धातूचा, लॉग असतो, तसा याचाही ठेवणार. उद्या दादाने विचारलं "हे का घेतलं?" तर उत्तर तारखेसकट सापडलं पाहिजे.

गाडी थोडक्यात: चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, ५१० अश्वशक्ती, ९,००० आरपीएमपर्यंत फिरतं. मॅन्युअलचं वजन १,४१८ किलो. पुढे २० इंची चाकं, मागे २१ इंची, दोन्हीकडे मधोमध एकच नट. दादाला विचारलं, वर्षातून ट्रॅकवर किती दिवस? म्हणाला, चार नक्की. चेन्नईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक, कोइमतूरचा कारी, आणि जमेल तेव्हा ग्रेटर नोएडाचा बुद्ध. बाकी रविवार सकाळचे घाट.

चार दिवस. हा आकडा अधोरेखित करून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरणार आहे.

१४ जून

ब्रेकला यादीत दोनच पर्याय. गाडीसोबत येतात ते पुढे ४०८ आणि मागे ३८० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कचे, तांबड्या कॅलिपरचे. कॅलिपर म्हणजे पॅड, अर्थात घासणाऱ्या पट्ट्या, डिस्कवर दाबणारा चिमटा. काही लाख वर मोजले की पीसीसीबी म्हणजे सिरॅमिक: पुढे ४१०, मागे ३९०, कॅलिपर पिवळे. पिस्टन दोन्हीत पुढे सहा, मागे चार.

पहिल्या प्रकाराला सगळे "स्टीलचे ब्रेक" म्हणतात. शोरूमवाला म्हणतो, दादाही म्हणतो. ते स्टील नाही. ते करडं बिड आहे, आपल्या घरी घावन घालायला जो बिडाचा तवा असतो त्याच घराण्यातलं. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार, कारण यात फरक फक्त नावाचा नाही. बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. ते पापुद्रे उष्णता झपाट्याने आतवर नेतात आणि कंप गिळतात. आमच्याकडे फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करायला, बसणारे मामा कास्टिंगवर पान्हा आपटून धातू ओळखतात. एसजी आयर्न (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतो ते बिड) असेल तर टण्ण वाजतं, करडं बिड ठक्क करून गप्प बसतं. डिस्कला तो गप्प बसण्याचा गुण हवा असतो, नाहीतर प्रत्येक ब्रेकला ती किंचाळेल. स्टीलमध्ये हे दोन्ही गुण बिडाइतके नाहीत. म्हणून शंभरेक वर्षं ब्रेकच्या कामाला बिडच लागत आलंय.

जीटी३ची डिस्क दोन तुकड्यांची आहे. घासणारी रिंग बिडाची, मधली टोपी अॅल्युमिनियमची. वजन वाचतं हे एक. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ४०८ मिलिमीटरची बिडाची रिंग ५०० अंशांनी तापली की व्यासात सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास वाढते. टोपी एकसंध बिडाची असती तर तिने रिंगला मधून धरून ठेवलं असतं आणि रिंग बशीसारखी एका बाजूला कलली असती. दोन तुकड्यांत रिंगला बाहेरच्या बाजूला फुगायला मोकळीक मिळते.

सिरॅमिकबद्दल ऐकीव बोलायचं नाही असं ठरवलंय. ते वेगळ्या दिवशी, नीट.

२२ जून

दोन वर्षांनी पालख्या पायी निघाल्या आहेत. आज दोन्ही पुण्यात. आळंदीकडचा रस्ता बंद, इकडचा जुना हायवे बंद, फाउंड्रीतली निम्मी माणसं दिंडीत. भट्टी थंड. अण्णा सकाळी विश्रांतवाडीला दर्शन घेऊन आले आणि दुपारी आम्ही दोघं ऑफिसात हिशोबाला बसलो.

बुद्ध ट्रॅकवर तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला अगदी आवळलेलं वळण. समजा दादा तिथे २५०ने पोचला आणि ८०वर आला. गाडी आणि तो धरून १,५०० किलो. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर केले, ६९.४ आणि २२.२. दोघांच्या वर्गांतला फरक गुणिले ७५०. आलं साधारण ३२ लाख ५० हजार ज्यूल.

अण्णा म्हणाले, "ज्यूल नको. मला कळेल असं सांग."

दहा लिटर गार पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते तेवढी. एका वळणाला, चार-पाच सेकंदांत.

यातली थोडी हवा आणि इंजिन खातं. पण सगळी ब्रेकवर धरून दोन-तृतीयांशाच्या जरा आत पुढच्या चाकांना दिली, तर एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला साडेदहा लाख ज्यूल. रिंगचं वजन मी ९ किलो धरलं. बिडाला एक किलो एक अंश तापवायला सुमारे ५०० ज्यूल लागतात. म्हणजे एकाच ब्रेकिंगमध्ये रिंग २३०-२३५ अंशांनी वर. ती पूर्ण निवायच्या आत पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं. पाचव्या लॅपपर्यंत रिंगचं तापमान एका उंचीवर जाऊन ठरतं. जेवढी उष्णता आत येते तेवढीच डिस्कच्या पोटातल्या पाकळ्यांमधून वाहणाऱ्या हवेने बाहेर जाते. ती उंची पाचशेला बसते की सातशेला, यावर सगळं अवलंबून.

"तापमान सांगू नकोस," अण्णा म्हणाले. "रंग सांग."

त्यांची सगळी हयात रंगांवर गेली. वितळलेल्या धातूत बुडवायचा तापमापक, इमर्शन पायरोमीटर, यायच्या आधी ते लॅडलमधल्या (ओतायच्या भांड्यातल्या) धातूचा रंग बघून ओता म्हणायचे. मी म्हटलं, अंधारात जेमतेम लाल दिसेल इथवर गेलं तरी चालेल, उजेडात लाल दिसायला लागलं की घाई करायची.

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्यांच्याकडून ऐकताना पक्कं बसलं. डिस्कचं बिड पर्लाइटचं, म्हणजे लोखंड आणि कार्बाइडच्या बारीक थरांचं असतं. सव्वासातशे अंशांच्या पुढे पर्लाइट मोडतो. अख्खी रिंग तिथवर जात नाही, पण पॅड नीट बसलेलं नसेल तर रिंगवर एखाद-दुसरा डाग तिथवर जातो, आणि आजूबाजूच्या गार धातूमुळे झटकन निवून कडक होतो. काचेसारखा. मग तो डाग बाकीच्या रिंगइतका झिजत नाही, उंच राहतो, पुन्हा तोच तापतो. पेडलला धडधड लागते आणि मेकॅनिक सांगतो, "डिस्क बेंड झाली." बहुतेक वेळा बेंड काहीही झालेलं नसतं. एकतर असे कडक डाग असतात, नाहीतर पॅडचा मसाला रिंगवर कमी-जास्त चिकटलेला असतो.

संध्याकाळी वहिनींनी उपासाची खिचडी पाठवली. डब्यावर चिठ्ठी: "गाडीत मागे सीट नाही म्हणे. मग आम्ही कुठे बसायचं?" याचं उत्तर दादाने द्यावं.

३ जुलै

आता सिरॅमिक.

पोर्शेने हे ब्रेक २००१ साली ९११ जीटी२वर पहिल्यांदा दिले. कार्बन तंतूंची चकती करून ती सुमारे १,७०० अंशांना, निर्वात भट्टीत, सिलिकॉनबरोबर भाजतात. सिलिकॉन आत शिरतं आणि कार्बनशी मिळून सिलिकॉन कार्बाइड बनतं. आम्ही बिड ओततो ते १,४०० अंशांच्या आसपास आणि त्यालाच भट्टीपुढे उभं राहवत नाही. ज्यांनी ही प्रक्रिया बसवली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

फायदे खरे आहेत. तेवढ्याच आकाराच्या बिडाच्या डिस्कपेक्षा वजन सुमारे निम्मं. हे वजन स्प्रिंगच्या खाली, चाकाबरोबर फिरणारं, म्हणजे सगळ्यात महाग वजन. स्टिअरिंग हलकं होतं, खड्ड्यावरून चाक लवकर खाली येतं. गंज नाही. चाकावर काळी धूळ जवळजवळ नाही. रस्त्यावर चालवली तर डिस्क वर्षानुवर्षं टिकते.

उष्णतेचा हिशोब मात्र लोक समजतात तसा नाही. किलोमागे उष्णता धरायची सिरॅमिकची ताकद बिडापेक्षा जास्त, पण किलोच निम्मे. त्यामुळे त्याच ब्रेकिंगला सिरॅमिकची डिस्क बिडापेक्षा जरा जास्तच तापते. फरक एवढाच की तिला ते सोसतं. त्या तापमानाला तिचा आकार बदलत नाही, ती मऊ पडत नाही. पण शेजारच्या पॅडला, कॅलिपरला आणि ब्रेक ऑइलला ती उष्णता भोगावी लागतेच.

आणि ती झिजते. बिडासारखी जाडीने नाही. खूप तापली की पृष्ठभागावरचा कार्बन हवेत जळून जातो आणि डिस्क आतून हलकी होत जाते. म्हणूनच तिच्या टोपीवर किमान वजन कोरलेलं असतं. ट्रॅकवर वारंवार नेणारे कित्येक जण सिरॅमिक काढून बिडाच्या डिस्क बसवतात आणि मूळ संच विकायच्या वेळेसाठी खोक्यात ठेवून देतात. लाखो रुपये मोजून घेतलेली वस्तू खोक्यात.

१६ जुलै

पावसाची झड लागलीय. माझी गाडी दोन दिवस उभी होती, सकाळी डिस्कवर पिवळट-तांबूस गंजाचा थर. चौकापर्यंत तीन ब्रेक मारले, साफ. बिड घेतलं की दादाच्या स्वप्नात हे दर पावसाळ्यात असणार. त्याला आधीच सांगून ठेवलं. म्हणाला, "चालेल, लोखंड आहे ते."

३१ जुलै

आज ब्रेकचं नाही, नाकाचं काम. यादीत पुढचा अॅक्सल उचलायची सोय आहे. बटण दाबलं की नाक सुमारे ४० मिलिमीटर वर जातं. ट्रॅकवाल्यांचं म्हणणं, कशाला, वजन वाढतं.

इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा असा असावा लागतो. असा असेल तर जीटी३ही तिरकी न करता निघेल. मी प्लायवूडचा एक साचा कापला, पुढचं चाक आणि नाकाच्या टोकातलं अंतर आणि उंची धरून, आणि दादाच्या घरापासून बाहेर पडायच्या तीन वाटांवर फिरवला. सोबत फाउंड्रीतला एक पोरगा, टेप आणि वही. औंधातल्या सोसायटीच्या गेटपासून हायवेपर्यंत अकरा स्पीडब्रेकर मोजले. मानकाच्या जवळ जाणारे दोन. बाकीचे डांबराचे ढीग, दोन हात रुंद आणि उंच. सोसायटीच्या तळघराचा रॅम्प सगळ्यात वाईट, वर येताना जिथे सपाट होतो तिथे पोट घासणार.

साचा सात ठिकाणी टेकला. ४० मिलिमीटर खाली पट्टी लावून पुन्हा फिरवला तर एकाच ठिकाणी. तो एक आम्ही तिरकी घेऊन सोडवू.

लिफ्ट घ्यायची. या ओळीवर मला एक क्षणही शंका नाही. ट्रॅकवरचा सेकंदाचा दहावा भाग वाचवून जी गाडी घराबाहेर पडताना दर रविवारी ओठ फाडून घेणार असेल, ती तळघरातच राहील.

७ ऑगस्ट

सीट. तीन प्रकार: साधी स्पोर्ट, अठरा दिशांनी हलणारी, आणि कार्बनची पूर्ण बकेट, जिची पाठ हलतच नाही. दादाच्या कमरेचा पाचवा मणका पूर्वीपासून त्रास देतो. मुंबईला जाऊन तो बकेटमध्ये चाळीस मिनिटं बसला, मी घड्याळ लावून. उठताना हात धरावा लागेल असं वाटलं होतं, पण तो एकटा उठला आणि म्हणाला की कमरेला इतका आधार घरच्या सोफ्यालाही नाही. वहिनीही बसून बघितल्या. त्यांना मांड्यांखालची कड टोचली. "भाऊजी, चालवणाऱ्याची तेवढी बकेट घ्या, माझी नको." जोडीनेच मिळते, असं सांगितल्यावर थोडा विचार करून म्हणाल्या, "मग त्याची कंबर महत्त्वाची." बकेट.

सीटमागच्या सुरक्षेच्या पिंजऱ्याबद्दलही (रोल केज) विचारणा झाली. माझं मत ठाम आहे. डोक्यावर हेल्मेट आणि सहा बिंदूंचे पट्टे असतील तेव्हाच डोक्यामागे पोलादी नळी असावी. रविवारी सकाळी हेल्मेट न घालता घाटात जाणाऱ्या माणसामागे ती नको. यादीत असो वा नसो, आपल्या गाडीत नाही.

२० ऑगस्ट

ब्रेकचा निर्णय आज झाला. दादा भोसरीला आला होता. अण्णा, मी, तो, आणि चहा.

मी त्याच्यासमोर दोन्ही बाजू ठेवल्या, माझं वजन कुठल्याच पारड्यात न टाकता. तू वर्षातून एकदा ट्रॅकवर जाणार असशील आणि बाकी रस्त्यावरच, तर सिरॅमिक घे. वजन कमी, धूळ नाही, गंज नाही, तुझ्या हयातीत बदलावी लागणार नाही. हे बोलताना मला सोपं गेलं नाही, कारण मी बिडवाला आहे आणि हे खरं आहे.

पण तू चार दिवस म्हणतोस. दिवसाला वीस-वीस मिनिटांची पाच सत्रं धर. वर्षाला वीस सत्रं. बिडाच्या पुढच्या डिस्क तीन-एक वर्षांत, कदाचित आधीच, बदलाव्या लागतील. तेव्हा तुला ते पैसे कमी वाटतील आणि तू न घाबरता ब्रेक मारशील. सिरॅमिक असेल तर प्रत्येक सत्रानंतर डिस्कचं वजन तुझ्या डोक्यात फिरत राहील. शिवाय ट्रॅकच्या कडेची खडी, आणि चाक काढता-घालताना रिमचा धक्का. सिरॅमिकच्या कडेचा टवका उडाला तर ती डिस्क गेली. चाक चढवताना गाइड पिन लावून सरळ आत सरकवावं लागतं. ट्रॅकच्या पिटमध्ये घाईत हे कोण करणार?

दादाने एकच प्रश्न विचारला. "थांबायला कुठली लवकर थांबते?"

दोन्ही सारख्याच. एक जोरदार ब्रेक मारून गाडी थांबवायची तर टायर ठरवतो, डिस्क नाही. दोन्ही ब्रेक चाक लॉक होईपर्यंत दाबू शकतात. डिस्क ठरवते ते दहाव्या लॅपला पेडल पहिल्या लॅपसारखं राहतं की नाही.

"मग बिड," दादा म्हणाला. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी कप खाली ठेवला आणि शॉपकडे गेले. मला त्यांची चाल ओळखता येते. ते खूश होते.

११ सप्टेंबर

गणपती परवाच गेले. आज ब्रेक ऑइल. हे कुठल्याही यादीत नसतं आणि ट्रॅकवरचे निम्मे अपघात, माझ्या मते, इथून सुरू होतात.

२०१७ साली चेन्नईत माझ्यावर ते आलं. सहाव्या लॅपला मोठ्या सरळ पट्ट्याच्या टोकाला पेडल दाबलं आणि ते कापसात गेल्यासारखं तळाला टेकलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पंप केलं तेव्हा थोडं धरलं. गाडी गवतात गेली, कुठे आदळली नाही. डिस्क ठीक, पॅड ठीक. ब्रेक ऑइल दोन वर्षं जुनं होतं आणि ती चूक पूर्ण माझी होती.

कारण असं. डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ ही तिन्ही ऑइलं ग्लायकॉलच्या कुळातली आणि ती हवेतलं पाणी शोषतात. डॉट ४चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पण ३.७ टक्के पाणी शोषलं की १५५पर्यंत खाली येऊ शकतो. पुण्याचे दोन पावसाळे काढलेलं ऑइल कोरडं उरत नाही. ते कॅलिपरमध्ये उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी पुढे.

बाजारात रेसिंगचं म्हणून मिळणारं मोटुल आरबीएफ ६६० कोरडं असताना ३२५ अंश सोसतं, पाणी शोषल्यावर साधारण २०५. कॅस्ट्रॉल एसआरएफ कोरडं ३२०च्या आसपास, पण पाणी शोषल्यावरही २७०. दोघांतला फरक दुसऱ्या आकड्यात आहे आणि पुण्यात राहणाऱ्याने दुसराच आकडा वाचावा. दादाच्या गाडीत एसआरएफ. महाग आहे. दर ट्रॅकच्या आधी कॅलिपरमधलं थोडं काढून नवं भरायचं, वर्षातून एकदा पूर्ण बदल.

४ ऑक्टोबर, खंडे नवमी

सकाळी भट्टीची, लॅडलची, पान्ह्यांची पूजा. आज यादी लॉक करायची शेवटची तारीख होती, दादाने मुद्दाम आजची मागून घेतली. चांदणी चौकातला पूल परवा पहाटे पाडल्यामुळे तो तिकडून येताना अडकेल असं वाटलं होतं, पण वेळेत आला. पूजेच्या ताटात झेंडू, नवीन डिस्कचं एक कास्टिंग, आणि छापलेली यादी.

अंतिम: बिडाचे ब्रेक, कॅलिपर तांबडे. लिफ्ट. बकेट. क्रोनो पॅकेज, लॅपच्या वेळा हव्यात म्हणून. रंग वहिनींनी निवडला, गडद निळा. पंख असलेलीच गाडी, पंखाशिवायची टूरिंग नाही. पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने ० ते १०० अर्धा सेकंद लवकर होतं हे दादाला सांगून झालं, तो ऐकणार नव्हता आणि मीही आग्रह धरला नाही.

अण्णांनी यादीवर हळदकुंकू वाहिलं.

२२ मार्च २०२३, पाडवा

गाडी आली. पासिंग झालेलं. गुढी उभारून झाल्यावर सोसायटीच्या रॅम्पवरून लिफ्ट वर करून खाली नेली. कुठेही लागली नाही. माझ्या प्लायवूडच्या साच्याचं वहिनींनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

पेट्रोल १०० ऑक्टेनचं, पुण्यात मिळतं. पहिले काही हजार किलोमीटर इंजिन सावकाश. ट्रॅक पुढच्या हिवाळ्यात.

अण्णा पुढच्या चाकाजवळ स्टूल टाकून बसले आणि आऱ्यांमधून डिस्क बघत राहिले. भोकं किती, ओळी कशा तिरक्या, कडेवरून पाकळ्यांची जाडी किती असेल. "कोअर कसा काढत असतील रे," म्हणाले. कोअर म्हणजे आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा. अर्धा तास.

१० फेब्रुवारी २०२४, चेन्नई

गाडी फ्लॅटबेडवर आणली, बाराशे किलोमीटर. आम्ही दोघं विमानाने.

डिस्कच्या कडेला तापमानाचे रंग लावले होते: हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, केशरी ५६०ला पिवळा, तांबडा ६१०ला पांढरा. अण्णांच्या "रंग सांग"ला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

पहिलं सत्र फक्त पॅड बसवायला. मध्यम वेगावरून दहा-बारा ब्रेक, प्रत्येक जरा जास्त जोराने, एकदाही पूर्ण न थांबता, मग दोन लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता. या पायरीवर घाई केली की पॅडचा मसाला डागांनी बसतो आणि मग ती सगळी "बेंड झाली"ची कहाणी. दादाने एक शब्द न बोलता सांगितलं तसं केलं. पिटमध्ये आल्यावर पेडलवरून पाय काढायला लावला, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा. गरम डिस्कवर पॅड दाबून धरलं की तिथे ठसा उमटतो.

दुसऱ्या सत्रानंतर हिरवा पुढे पांढरा, मागे अर्धवट. तिसऱ्यात दादा उशिरा ब्रेक मारायला शिकला, वळणाआधीच्या शंभर मीटरच्या पाटीवरून साठ मीटरपर्यंत आला. चौथ्यानंतर पुढे केशरीही पिवळा पडला. तांबडा शाबूत.

पाचव्या सत्रात मी शेजारी बसलो. शेवटच्या लॅपला मोठ्या पट्ट्याच्या टोकाला त्याने ब्रेक मारला तेव्हा मी त्याच्या पायाकडे बघत होतो. पेडल सकाळी जिथे होतं तिथेच. २०१७चं ते गवत बाजूने निघून गेलं.

१५ फेब्रुवारी, भोसरी

गाडी लिफ्टवर घेतली. पुढची पॅड दोन मिलिमीटर गेली, मागची जेमतेम एक. पुढच्या डिस्कची जाडी मायक्रोमीटरने आठ जागी मोजली, फरक मिलिमीटरच्या एका शंभरांशाच्या आत. म्हणजे डाग नाहीत. कॅलिपरमधलं थोडं ऑइल काढलं, रंग स्वच्छ.

भोकांच्या कडेला केसासारख्या बारीक रेषा आल्या आहेत, पुढे डाव्या डिस्कवर जास्त. छिद्रांच्या डिस्कला हे होतंच. पृष्ठभाग तापून फुगायला बघतो, खालचा गार धातू फुगू देत नाही, निवताना तोच पृष्ठभाग ताणला जातो, आणि ताण आधी भोकाच्या कडेला सापडतो. रेषा एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत पोचली किंवा डिस्कच्या कडेपर्यंत गेली की डिस्क बाद.

अण्णा चष्मा लावून आले. आधी विचारलं, "लाल?"

"नाही. केशरीपर्यंत."

मान हलवली. मग अंगठ्याचं नख डाव्या डिस्कवर आडवं फिरवलं, एकेका भोकाभोवती, सावकाश, सगळी डिस्क. मीही श्वास धरून उभा. पूर्ण फेरी झाल्यावर हात पुसला.

"नख अडकत नाही कुठे," म्हणाले. "अजून दोन खेपा निघतील. तिसऱ्याच्या आधी मला दाखव."

नवीन पुढच्या डिस्कची जोडी आजच मागवून ठेवली.